आईच्या आयुष्याची टक्केवारी

पत्र

डॉक्टर, मी ५९ वर्षांची, पुण्यात राहते. आई ८६ वर्षांची आहे. सात वर्षांपासून स्मृतिभ्रंश, त्याआधीपासून मधुमेह. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चाललीच नाही. घरी मी आणि एक बाई, दोघींना मिळून तिला कुशीवर वळवायलाही जमेना, म्हणून आठ महिन्यांपूर्वी शहराबाहेरच्या एका केअर होममध्ये ठेवलं. पाच महिन्यांपूर्वी ४७ किलो होती, आता ४१. मला ओळखते की नाही सांगता येत नाही, पण हात धरला की बोटं आवळते. तोंड फक्त गोडाला उघडते आणि मधुमेह म्हणून गोड द्यायचं नाही. दिवसातून तीनदा बोट टोचून साखर बघतात. यंदा दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी पाच दिवस आयसीयूत होती. नाकातली नळी ओढते म्हणून हात बांधून ठेवले होते.

दादा न्यू जर्सीत असतो. त्याने कुठल्याशा संकेतस्थळावर आईची सगळी माहिती भरली आणि रात्री मेसेज टाकला, 'सहा महिन्यांत जाण्याची शक्यता ४० टक्के. आत्ता येऊ की डिसेंबरात?' मी इतकी चिडले की दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. हा काय पावसाचा अंदाज आहे? पण तो आकडा डोक्यातून जात नाही. त्यात होमने एक फॉर्म दिलाय. तब्येत बिघडली तर हॉस्पिटलला हलवायचं का, हो किंवा नाही. 'नाही'वर खूण केली तर मीच आईला मारते आहे असं वाटतं. 'हो'वर केली तर ते बांधलेले हात दिसतात. हा आकडा खरा मानायचा का? (सोबत दादाने पाठवलेल्या पानाचा फोटो जोडला आहे.)
एक मुलगी


उत्तर

ताई,

दादांचा मेसेज रूक्ष आहे खरा, पण तो निष्ठुरपणातून आलेला नसावा. तुम्हाला आईचा हात धरता येतो. त्यांच्या हाताला त्या रात्री तो आकडा लागला, एवढंच. तेव्हा आधी त्यांचा फोन घ्या, बाकीचं नंतर वाचा.

फोटोवरून कळतं की दादांनी वापरलेलं गणित बोस्टनचं आहे. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेतल्या, नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या लोकांसाठी डॉ. सुझन मिचेल यांच्या गटाने ते तयार केलं. वय किती, स्त्री की पुरुष, होममध्ये नुकतेच आले आहेत का, दम लागतो का, अंगावर शय्याव्रण आहेत का, दिवस अंथरुणातच जातो का, पोटात पुरेसं जातं का, वजन घटलंय का, अशा बारा गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्यांनी हे बोस्टन परिसरातल्या २१ नर्सिंग होममधल्या ६०६ जणांवर ताडून पाहिलं. ते कितपत जमलं हे कळण्यासाठी अशी कल्पना करा: एक आजी सहा महिन्यांत गेलेली, दुसरी मागे राहिलेली. कोण गेली ते न बघता दोघींचे गुण काढायचे. गेलेल्या आजीचे गुण जास्त भरले, असं शंभरात किती वेळा झालं? ६७ वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० वेळा बरोबर आलं असतं. तिकडे हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या सेवेची सरकारी मदत कोणाला द्यायची हे ज्या निकषांवर ठरायचं, ते निकष याच लोकांवर जेमतेम ५५ वेळा बरोबर आले. म्हणजे दादांचं गणित सरकारी निकषांपेक्षा बरं, पण त्याच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढावं इतकं काही ते पक्कं नाही.

आणि ४० टक्के म्हणजे काय? तुमच्या आईसारख्या शंभर आज्या बोस्टनमध्ये असत्या, तर सहा महिन्यांत त्यांतल्या चाळीसेक गेल्या असत्या आणि साठेक राहिल्या असत्या. आई चाळिसांतल्या की साठांतल्या, हे त्या गणिताला ठाऊक नाही. विमा कंपनीचंही असंच असतं. लाखभर पॉलिसीवाल्यांतले यंदा किती जातील याचा तिचा हिशेब फारसा चुकत नाही, पण त्यातला अमुक माणूस जाईल का, ते तिलाही सांगता येत नाही.

शिवाय तिथलं नर्सिंग होम आणि आपलं केअर होम या दोन वेगळ्या जागा आहेत. सरकारी योजनेचे पैसे घेणाऱ्या तिथल्या नर्सिंग होमना १९८७ च्या कायद्यामुळे प्रत्येक रहिवाशाचा एक लांबलचक तक्ता ठरावीक काळाने भरावाच लागतो: किती खाल्लं, वजन काय, कूस स्वतः बदलते का, बोललेलं समजतं का. ही सगळी गणितं त्या तक्त्यांच्या डोंगरातून निघाली. आपल्याकडच्या रजिस्टरात बीपी असतं, साखर असते आणि 'जेवण झाले' असा शेरा असतो. ते चार घास होते की वाटीभर, हे त्या शेऱ्यातून कळत नाही. माणसंही वेगळी. नर्सिंग होममध्ये मरण पावलेल्या अमेरिकनांचा तिथला मुक्काम एका मोठ्या अभ्यासात मोजला, तेव्हा निम्म्याहून जास्त लोक दाखल झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेलेले निघाले. तिथे माणूस पोचतो तोच मुळी अगदी शेवटी. आपल्या होममध्ये सकाळी गच्चीवर फेऱ्या मारणारे पेन्शनर काका आणि तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आजी एकाच मजल्यावर असतात. बोस्टनचा आकडा इथे जसाच्या तसा लावणं म्हणजे तिकडच्या मापाचा शर्ट न घालून बघता विकत घेण्यासारखं.

मग डॉक्टरांना विचारावं का? जरूर विचारा, पण आम्हा मंडळींचा लौकिकही फार चांगला नाही. शिकागोत निकोलस क्रिस्टाकिस यांनी हॉस्पिसमध्ये पाठवलेल्या ४६८ रुग्णांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारलं होतं, हे किती दिवस जगतील? २००० साली निष्कर्ष छापून आले. शंभरातले फक्त २० अंदाज खऱ्याच्या आसपास होते, ६३ अंदाज खऱ्यापेक्षा जास्त दिवसांचे. सरासरी काढली तर डॉक्टरांनी पाचपटीहून जास्त आयुष्य सांगितलेलं. आणि रुग्ण जितका जुन्या ओळखीचा, तितका अंदाज अधिक चुकलेला. माझंही असंच झालंय. एका मैत्रिणीच्या वडिलांबद्दल गणपतीत मी म्हणाले होते, दिवाळी आरामात काढतील. अनंत चतुर्दशीच्या आत गेले. दुसऱ्या एका आजींच्या मुलांना आठ दिवस सांगितले होते, त्यांनी पुढे सव्वा वर्ष मला दर भेटीत नावं ठेवली.

त्यामुळे हल्ली बरेच डॉक्टर 'किती दिवस' हा प्रश्नच घेत नाहीत. ते स्वतःला विचारतात, ही व्यक्ती वर्षभरात गेली तर मला आश्चर्य वाटेल का? ब्रिटनमध्ये हा प्रश्न चांगलाच रुळला आहे. त्यालाही मर्यादा आहेत. अशा अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात 'आश्चर्य वाटणार नाही' असं ज्यांच्याबद्दल म्हटलं गेलं त्यांतले शंभरातले ३७ च वर्षभरात गेले. उलट 'आश्चर्य वाटेल' असं ज्यांच्याबद्दल म्हटलं, त्यांतले ९३ टिकले. थोडक्यात, राहणारा माणूस आम्हाला बऱ्यापैकी ओळखता येतो, जाणारा तितकासा नाही.

(अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये ऑस्कर नावाचं मांजर होतं. एरवी ते माणूसघाणं, पण कोणाचे शेवटचे तास आले की त्या खोलीत जाऊन उशाशी बसायचं. २००७ मध्ये जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात त्याच्यावर लेख आला, तोवर पंचविसेक वेळा त्याचा अंदाज खरा ठरला होता. तिथले कर्मचारी मांजर खोलीत शिरलं की नातेवाइकांना फोन करायचे. पण मांजराचा उपयोग शेवटच्या काही तासांपुरता. तुम्हाला फॉर्म भरायचाय आज.)

आता तुमच्या उपयोगाचं बोलू. या सगळ्या गणितांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. फायलीत आजारांची नावं किती आहेत, यापेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांत काय बदललं ते जास्त बोलकं असतं. कॅनडातल्या दीर्घकालीन देखभाल केंद्रांत शून्य ते पाच गुणांची एक छोटी मोजणी वापरतात. त्यात विचारतात काय, तर वजन उतरलंय का, ताटात अन्न उरतं का, पाणी कमी पडतंय का, दम लागतो का, पायांवर सूज आहे का, जे स्वतःचं स्वतः करत होते ते करायचं सुटलं का. हे सांगायला एमडी डॉक्टर लागत नाही. आईला रोज भरवणाऱ्या मावशींना यातलं सगळं माहीत असतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी 'आई कशी आहे' असं विचारू नका, उत्तर 'बरी आहे' असंच येणार. भरवायला किती वेळ लागतो, मागच्या महिन्यात किती लागायचा, पाणी पिताना ठसका लागतो का, घास गालातच धरून ठेवतात का, असं विचारा. आणि महिन्यातून एकदा त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत वजन करायला सांगा. सहा महिन्यांत दहा टक्के वजन जाणं ही त्या अमेरिकी तक्त्यातली धोक्याची रेषा आहे. तुमच्या आईंचं पाच महिन्यांतच तेरा टक्के गेलंय.

मिचेल यांच्याच गटाने अशा ३२३ जणांना दीड वर्ष जवळून पाहिलं, निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. निम्म्याहून जास्त गेले. खाण्याचा त्रास ८६ टक्क्यांना झाला, न्यूमोनिया ४१ टक्क्यांना. ज्यांना न्यूमोनिया झाला, त्यांतले ४७ टक्के पुढच्या सहा महिन्यांत गेले. खाण्याचा त्रास सुरू झालेल्यांतले ३९ टक्के. दादांचे ४० बघा कुठे बसतात. न्यूमोनिया आणि खाणं, या दोनच गोष्टी बघितल्या असत्या तरी हिशेब तिथेच कुठेतरी पोचला असता.

मी आईंना तपासलेलं नाही, तरी स्पष्टच सांगते. त्या वर्षभरात गेल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही. पुढच्या महिन्यात गेल्या तरी नाही, आणि येत्या पाडव्याला असल्या तरी नाही. महिने कितीही असोत, हा शेवटचा टप्पा आहे. स्मृतिभ्रंश हा नुसता विसरण्याचा आजार नव्हे. विसरण्यापासून सुरू होऊन तो चालणं, बोलणं, गिळणं असं एकेक काढून घेतो. गिळता येत नाही म्हणून अन्न श्वासनलिकेत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो, तो बरा झाला तरी गिळणं सुधारत नाही म्हणून पुन्हा होतो. तुम्ही कुठे खूण करता त्यावर हे चक्र अवलंबून नाही. तुम्ही ठरवणार आहात, ते या चक्रात आईंचे दिवस कुठे आणि कसे जातील, इतकंच.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला त्या टक्केवाऱ्यांपेक्षा मोलाची वाटते. जे गेले, त्यांतल्या जवळजवळ ४१ टक्क्यांना शेवटच्या तीन महिन्यांत हॉस्पिटल, इमर्जन्सी, शिरेतून औषधं किंवा पोटात नळी यांतलं काहीतरी सोसावं लागलं. पण पुढे काय होणार आहे हे ज्यांच्या घरच्यांना नीट समजलं होतं, त्यांच्या वाट्याला हे फारच कमी आलं. अंदाजाचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

तेव्हा त्या फॉर्मवर 'हो' किंवा 'नाही' अशी खूण करूच नका. खाली कोरी जागा असेल तिथे, नसेल तर वेगळ्या कागदावर, साधारण असं लिहा: 'ताप, खोकला, दम यांवर आधी इथेच उपचार करावेत, तोंडाने घ्यायची औषधं द्यावीत, डॉक्टरांना आणि मला फोन करावा. आयसीयू, व्हेंटिलेटर आणि नाकातून नळी नको. हाड मोडलं, रक्तस्राव झाला किंवा इथे न आवरणाऱ्या वेदना असल्या तर हॉस्पिटलला न्यावं.' होमला भेट देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून त्यांची सही घ्या, तुमची करा, दादांचं नाव घाला आणि एक प्रत आईंच्या उशाच्या कपाटावर चिकटवून ठेवा. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या सिस्टरला फाइल शोधायला वेळ नसतो, ती अँब्युलन्स बोलावून मोकळी होते. मात्र होममध्ये रात्री नर्स असते का, दम लागला तर काय देणार, हे आधी विचारून घ्या. त्याची सोय नसेल तर 'इथेच उपचार' ही नुसती कागदावरची गोष्ट होईल. दम आणि वेदना यांवर मॉर्फिन अगदी थोड्या मात्रेत उत्तम काम करतं, पण त्यासाठी उपशामक उपचारांचे, म्हणजे पॅलिएटिव्हचे डॉक्टर लागतात. पुण्यात असे डॉक्टर मिळतात, घरी किंवा होममध्ये येणारेही आहेत. आज, आई बऱ्या असताना, त्यांची एक भेट ठरवून टाका.

प्रतिजैविकांबद्दल तुमच्या मनात येईलच. अशाच रुग्णांच्या न्यूमोनियावर झालेल्या अभ्यासात औषधाने आयुष्य वाढलं, आराम मात्र वाढला नाही. आणि गोळी किंवा पातळ औषध दिलेल्यांच्या तुलनेत हॉस्पिटलात नेलेले जास्त जगले, असंही दिसलं नाही. म्हणून मी 'औषध नको' असं लिहायला सांगितलं नाही, 'तोंडाने घ्यायचं' असं सांगितलं. नळीचंही तेच. या अवस्थेत नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनिया टळत नाही, आणि हात बांधावे लागतात ते तुम्ही पाहिलंच आहे. अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या तज्ज्ञांची शिफारसही हाताने, सावकाश, जमेल तितकं भरवण्याचीच आहे.

कायद्याबद्दल थोडंसं, कारण दादा विचारतील. पुढे स्वतःला सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, म्हणजे 'लिव्हिंग विल'ला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. आईंनी असं काही लिहून ठेवलेलं दिसत नाही. अशा वेळी एकदा चालू केलेला व्हेंटिलेटर काढायचा तर हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत आणि घरच्यांची संमती लागते. त्या वाटेला जायची वेळच येऊ नये, म्हणून आत्ता हे कागद. तुम्ही ५९ च्या आहात. तुमचं स्वतःचं इच्छापत्र दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं. दादा येतील तेव्हा दोघंही करून टाका.

आणि हो, दादांनी यावं, आत्ताच. गणिताने सांगितलं म्हणून नव्हे. ते गणित मरणाबद्दल बोलतं, बोटं आवळण्याबद्दल त्यात काही नाही. आज हात धरल्यावर बोटं आवळली जातात, डिसेंबरात आवळली जातील का, यावर मी पैज लावणार नाही. त्यांनी तीन आठवडे काढून यावं आणि त्यांतल्या दोन आठवड्यांच्या तरी दुपारी आईंजवळ बसण्यात घालवाव्यात. हॉस्पिटलच्या जगात 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असा एक शब्दप्रयोग आहे, १९९१ पासून वैद्यकीय लेखांतही वापरतात. वर्षानुवर्षं लांब राहिलेलं अपत्य अगदी शेवटी येतं आणि 'सगळं करा' म्हणून सगळ्यांना कामाला लावतं. तुमचे दादा सहा महिने आधी विचारतायत. टक्केवारीत का होईना, पण विचारतायत. फॉर्मवर सही करायच्या आधी त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, डॉक्टरांसमोर. नंतर कोणी कोणाला 'तू ठरवलंस' म्हणायला नको.

शेवटी ते गोड. जी काळजी दहा वर्षांनी फळ देते, ती आता आईंच्या उपयोगाची नाही. साखर काटेकोर ठेवायची ती डोळे, मूत्रपिंडं पुढे अनेक वर्षं टिकावीत म्हणून. आईंसाठी साखर खूप चढून त्रास होऊ नये आणि एकदम उतरू नये, इतकंच पुरे. कमी खाणाऱ्या माणसाला जुन्याच मात्रेत गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरण्याचं भय जास्त. डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करा, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती अजून कशाला, तेही विचारा, आणि दिवसातून तीनदा बोट टोचणं बंद करायला लावा. मग आईंना पाठ टेकवून नीट ताठ बसवा, चहाचा लहान चमचा घ्या आणि श्रीखंड द्या. ते घट्ट असतं, गिळायला पाण्यापेक्षा सोपं. एक चमचा गिळलाय हे बघून मगच दुसरा. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका.